वाळू उपसता येते

राजस्थानातल्या रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, रुळांवर वाळू येत असेल ना? येते की. मे-जूनमध्ये आंधी सुटली की पश्चिमेकडे, म्हणजे बाडमेर-जैसलमेरच्या बाजूला, संध्याकाळी स्वच्छ असलेला ट्रॅक सकाळी दिसेनासा झालेला असतो, कधी वीतभर वाळू तर कधी रूळच गायब. मग गँगची माणसं फावडी-घमेली घेऊन येतात, उपसतात, गाडी जाते, परत वारा सुटतो, परत उपसतात. शंभर-सव्वाशे वर्षं हेच चाललंय. आणि जितकं वाचत गेले, तिकडच्या लोकांशी बोलत गेले, तितकं मला वाटायला लागलं की ह्या रेल्वेला वाळूने कधी हरवलेलंच नाही. पाण्याने हरवलंय, बहुतेक वेळा नसल्यामुळे आणि एकदा भलतंच आल्यामुळे. आणि कागदाने तर कितीदा तरी. वाळूचं निदान एक बरं आहे, ती उपसता येते.

मी बोलतेय ती लाइन म्हणजे जोधपूर-लूणी-बालोतरा-बाडमेर-मुनाबाव. मुनाबाव शेवटचं स्टेशन, त्याच्या पुढे पाकिस्तान. पण बांधली तेव्हा ती तिथे संपणारी लाइन नव्हतीच, मुनाबाव हे मधलं कुठलंतरी छोटं स्टेशन होतं आणि गाडी सरळ पुढे मीरपूर खास, हैदराबाद (सिंधमधलं, आपलं निजामाचं नव्हे) आणि तिथून कराचीकडे जायची.

मुंबईहून तिकडे जायला सोपी गाडी म्हणजे सूर्यनगरी एक्स्प्रेस, बांद्रा ते जोधपूर. ह्या गाडीत बसलं की निम्मा डबा ओळखीचा वाटतो, कारण आपल्या गल्लीतला किराणावाला, भांडीवाला, सराफ सगळे ह्याच पट्ट्यातले. पहाटे फालना, राणी आली की भराभर बोजे उतरायला लागतात, मिठाईचे खोके, मुंबईहून नेलेल्या साड्या, एखादा मिक्सर, आणि इतका वेळ आपल्याशी फर्मास मराठीत बोलणारा माणूस फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या मारवाडीत सुरू होतो. त्यानंतर मारवाड जंक्शन येतं आणि तिथून गाडी मेन लाइन सोडून डावीकडच्या मुलखात शिरते. हा जो तुकडा आहे ना, मारवाड जंक्शन ते पाली, तिथून ह्या सगळ्याची सुरुवात आहे.

झालं असं की इंग्रजांनी अजमेर-अहमदाबाद लाइन टाकली, १८८१ मध्ये ती पूर्ण झाली, आणि ती जोधपूरला टांग मारून बाजूने निघून गेली. एवढं मोठं संस्थान आणि रेल्वे पार लांबून जातेय. तेव्हाचे महाराजा जसवंतसिंह दुसरे. त्यांनी ठरवलं, आपली आपण टाकू. मेन लाइनवरचं खारची नावाचं स्टेशन, ज्याला आता मारवाड जंक्शन म्हणतात, तिथून पालीपर्यंतची मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची, लाइन २४ जून १८८२ ला सुरू झाली. मग लूणी, आणि १८८५ मध्ये जोधपूर. होम नावाच्या एका इंग्रज इंजिनीअरने हे काम पाहिलं आणि पुढे बरीच वर्षं तोच ह्या रेल्वेचा मॅनेजर होता. पुढे बिकानेर संस्थानही ह्यात आलं, १८८९ पासून १९२४ पर्यंत दोघांची मिळून जोधपूर-बिकानेर रेल्वे चालली, मग वाटण्या झाल्या. वाटण्यांचा हिशोब मी सोडून देते, त्यात रस असलेले लोक वेगळे.

मला जास्त मजा वाटते ती मिठाची. लूणीपासून पश्चिमेला जी पहिली फांदी गेली, १८८७ च्या सुमाराला, ती कुठल्या राजधानीला किंवा देवस्थानाला नाही गेली, पचपदऱ्याला गेली. पचपदरा म्हणजे मिठाचं आगर. पण आपल्या भाईंदर-वसईसारखी समुद्राची मिठागरं डोळ्यांसमोर आणू नका, समुद्र तिथून पार लांब. तिथे जमिनीतच खारं पाणी आहे. खारवाल समाजाची माणसं लांबलचक खड्डे खणतात, त्यात ते पाणी साचतं आणि त्यात मोराळी नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या टाकतात, त्या फांद्यांवर मिठाचे खडे धरतात. पिढ्यानपिढ्यांचा धंदा. १८७९ मध्ये इंग्रज सरकारने करार करून जोधपूर संस्थानाची मिठागरं ताब्यात घेतली, कारण मिठावरचा कर सोडायचा नव्हता, आणि एकदा मीठ सरकारी झालं की ते भराभर वाहून न्यायला काहीतरी लागणारच. त्याआधी उंट आणि बैल होते, बंजाऱ्यांचे तांडे होते. रेल्वे आली आणि ते सगळं बसलं. म्हणजे वाळवंटात रेल्वे गेली ती माणसांची सोय म्हणून असं आपण समजतो, पण ह्या फांदीवर आधी मीठ चढलं आणि माणसं नंतर.

गंमत म्हणजे आता त्याच पचपदऱ्यात मोठी रिफायनरी उभी राहिलीय. बाडमेरच्या जमिनीत तेल सापडलं, २००९ पासून ते निघतंय, पण हे तेल इतकं मेणचट आहे की गार झालं की गोठतं, म्हणून ते गुजरातकडे न्यायला गरम ठेवलेली पाइपलाइन टाकली. मिठाने रेल्वे आणली आणि तेलाने रेल्वेला विचारलंसुद्धा नाही.

पुढचा टप्पा १९०० चा. बालोतऱ्यापासून बाडमेर आणि तिथून सरळ पश्चिमेला सिंधपर्यंत लाइन पोचली. सिंधच्या बाजूने हैदराबादपासून शादीपल्लीपर्यंत एक ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद रुळांचा, तुकडा आधीच होता, तो १९०१ मध्ये मीटरगेज करून टाकला आणि सलग गाडी जायला लागली. हे सगळं चाललं होतं नेमकं छप्पनियाच्या काळात. छप्पनिया म्हणजे विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, आपल्याकडे १८९९-१९००. मारवाडात अजूनही म्हातारी माणसं हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात, ज्यांच्या आजोबांनी तो बघितला तीसुद्धा. माणसं ढोरं घेऊन सिंधकडे, माळव्याकडे निघाली आणि वाटेत मेली. त्या दुष्काळाने एक गोष्ट मात्र सगळ्या संस्थानिकांच्या डोक्यात बसवली, की जिथे रूळ आहेत तिथे धान्य पोचतं आणि जिथे नाहीत तिथे पैसे असूनही पोचत नाही.

आता पाणी. वाफेच्या इंजिनाला किती पाणी लागतं ह्याचा आपण विचारच करत नाही, सगळं लक्ष कोळशाकडे. इंजिन कोळशाआधी पाण्याला अडतं. आणि ह्या भागात विहिरीला पाणी लागलं तरी ते बहुतेक खारं नाहीतर मचूळ. असं पाणी बॉयलरमध्ये घातलं की आत क्षारांचे थर बसतात, नळ्या चोंदतात, पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरपर्यंत जातं. म्हणजे मग सारखा बॉयलर धुवा, सारखी दुरुस्ती. आणि स्टेशनवर जी माणसं ठेवली, मास्तर, पॉइंट्समन, गँगवाले, त्यांच्या बायकापोरांना प्यायला पाणी कुठून आणायचं? तर रेल्वेनेच. गाडीला पाण्याचे टँकर जोडून स्टेशन-स्टेशनला पाणी पोचवायचे आणि आजूबाजूच्या ढाण्यांवरच्या बायका घागरी घेऊन फलाटावर येऊन थांबायच्या. ढाणी म्हणजे आपली वस्ती, चार-सहा झोपड्यांची. बाडमेरच्या पुढच्या कित्येक ढाण्यांचा गाडीच्या वेळेशी संबंध एवढाच होता की आज पाणी येणार का.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर एप्रिल २०२२ मध्ये जोधपूरहून पालीला पाण्याची ट्रेन सुरू करावी लागली होती. जवाई धरण आटलं आणि पाली शहराला पाणीच नाही. चाळीस वॅगनची गाडी, साधारण २० लाख लिटर. आणि धावली कुठून, तर जवळजवळ त्याच सगळ्यात जुन्या, १८८०च्या दशकातल्या मार्गावरून. पालीवर ही वेळ त्याआधीही येऊन गेली होती. आपल्याला हे ऐकून लातूर आठवणारच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला जलदूत गेली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या वॅगन आल्या होत्या राजस्थानातून, कोट्याच्या वर्कशॉपमध्ये आतून वाफेने साफ करून. तेव्हा टीव्हीवर दिवसभर दाखवत होते आणि आपल्या सगळ्यांना वाटत होतं जगात पहिल्यांदाच घडतंय. मारवाडातल्या लोकांना ह्याचं अजिबात नवल वाटलं नसणार.

आणि मग भलतंच पाणी. ऑगस्ट २००६. बाडमेर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस तीनशे मिलिमीटरच्याही खाली, आणि त्या महिन्यात थोड्या दिवसांत त्याच्या दुपटीच्या आसपास कोसळला. बाडमेरच्या अलीकडे कवास नावाचं स्टेशन आहे, ते गावच बुडालं. जिल्ह्यात शंभराच्या वर माणसं गेली. आपल्याला वाटतं वाळवंट आहे, वाळू पाणी पिऊन टाकेल. पण कवासला वाळूच्या खाली जिप्समचा थर आहे, पाणी खाली मुरतच नाही, त्यामुळे ते साचलं ते महिनोन् महिने तसंच. लाइनचा भराव वाहून गेला, रूळ हवेत लोंबकळत राहिले. मी गेले तेव्हा गाडी कवासला थांबली नव्हती नीट, नुसती हळू झाली, आणि समोरच्या बाकावरच्या एका वयस्कर माणसाने खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितलं, "बाईसा, अठै नाव चाली." इथे होडी चालली होती. बाहेर नुसती आकडो (आपली रुई) आणि खेजडीची झाडं आणि धूळ.

बाकी ट्रॅकचं रोजचं काम काय असतं ते मला बाडमेरला एका निवृत्त ट्रॅकवाल्या काकांनी समजावलं, चहा पीत पीत, टेबलावर साखर सांडून. रुळाखालची खडी असते ना, तिचं काम गाडीचा भार पसरवायचा, थोडं दबून परत वर यायचं आणि पाणी खाली जाऊ द्यायचं. वाळू येऊन खडीच्या फटीत भरली की ती खडी घट्ट होऊन बसते, दबतच नाही. मग प्रत्येक चाकाचा दणका सरळ रुळाला आणि स्लीपरला. म्हणून वरवरची वाळू उपसून भागत नाही, ठराविक काळाने सगळी खडी उकरून चाळावी लागते आणि परत भरावी लागते. तेसुद्धा गाड्यांच्या मधल्या वेळात. त्यात उन्हाळ्यात रूळ इतके तापतात की जागा मिळाली नाही तर वाकडे होतात, म्हणून भर दुपारी चालत गस्त. आणि थंडीत त्याच वाळवंटात रात्री पारा एवढा खाली येतो की रूळ आखडून तडकायची भीती, म्हणून पहाटे चालत गस्त. काका म्हणाले, नोकरीत जितकं चाललो तितकं गाडीतसुद्धा बसलो नाही.

वाळू मुळात येऊच नये म्हणून काय करतात तेही सांगण्यासारखं आहे. जोधपूरला काझरी म्हणून केंद्राची संस्था आहे, वाळवंटी शेतीवर संशोधन करणारी, तिथल्या लोकांनी पन्नास-साठच्या दशकांपासून वाळूच्या टेकड्या जागच्या जागी कशा थांबवायच्या ह्याच्या पद्धती बसवल्या. पद्धत ऐकायला फार साधी. टेकडीवर वाऱ्याला आडव्या अशा सुक्या काटक्यांच्या ओळी रोवायच्या, बुटक्या कुंपणासारख्या. वारा जमिनीलगत मंदावतो, वाळू तिथेच पडते. त्या आडोशाला मग पावसाळ्यात सेवण गवत, फोग, बोर, इस्रायली बाभूळ लावायची. दोन-तीन वर्षं शेळ्या-मेंढ्यांना आत सोडायचं नाही, आणि हाच सगळ्यात अवघड भाग.

मुंबई-कराचीकडे वळते. फाळणीआधी मुंबईहून कराचीला जायचे दोन सरळ मार्ग, एक बोटीने आणि दुसरा हा. अहमदाबादपर्यंत ब्रॉडगेजने जायचं, तिथे गाडी बदलून मीटरगेजच्या सिंध मेलमध्ये बसायचं आणि मारवाड, लूणी, बाडमेर करत हैदराबाद. व्यापारी, सरकारी नोकर, हॉस्टेलला जाणारी मुलं, नाटक कंपन्या, सगळे ह्या वाटेने गेलेले असणार. आणि एक विसरलेली गोष्ट म्हणजे सिंधमधलेसुद्धा शेकडो किलोमीटर रूळ जोधपूर संस्थानाची रेल्वेच चालवत होती. जमीन इंग्रजांची, मीरपूर खासच्या आसपासच्या शाखा वगैरे, पण इंजिनं, ड्रायव्हर, गार्ड जोधपूरचे. एका हिंदू राजाची रेल्वे ब्रिटिश सिंधमध्ये धावतेय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाहीये, १९४७ च्या उन्हाळ्यापर्यंत.

त्या उन्हाळ्यात ही लाइन थेट वाटाघाटीच्या टेबलावर आली. जोधपूरचे महाराजा तेव्हा तरुण हनवंतसिंह, नुकतेच गादीवर आलेले. जिनांनी त्यांना भेटीला बोलावलं आणि पाकिस्तानात या म्हणून ज्या अटी देऊ केल्या त्या व्ही. पी. मेनन, म्हणजे संस्थानांच्या खात्यातले सरदार पटेलांचे सचिव, यांनी लिहून ठेवल्यात. कराची बंदर मोकळं वापरा, शस्त्रं हवी तशी आणा, दुष्काळासाठी धान्य देऊ, आणि जोधपूर ते हैदराबाद सिंध ह्या रेल्वेवर अधिकार तुमचाच राहील. बघा ना, चार अटींपैकी एक अख्खी अट म्हणजे ही लाइन, आणि बंदर आणि धान्य ह्या दोन अटीसुद्धा तिच्याशिवाय निरर्थक. वाळवंटातल्या संस्थानाला नेमकं काय कमी आहे हे जिनांना बरोबर माहीत होतं. पुढे सरदार पटेलांनी जे कबूल केलं तेही त्याच यादीला उत्तर होतं, शस्त्रं आणा, धान्य देऊ, आणि जोधपूरहून कच्छच्या बंदराकडे रेल्वे टाकायला प्राधान्य देऊ. हनवंतसिंहांनी ११ ऑगस्टला सही केली. सहीनंतर त्यांनी पेनमध्ये लपवलेलं पिस्तूल मेननांवर रोखलं हा किस्सा प्रसिद्धच आहे, सगळे तोच सांगतात, मला मात्र त्या पिस्तुलापेक्षा त्या रेल्वेच्या अटीचं जास्त कुतूहल वाटतं. कांडलाकडे जाणारी गांधीधाम-डीसा लाइन १९५२ मध्ये खरंच सुरू झाली. म्हणजे कराचीची वाट जाणार हे सगळ्यांनी मनातल्या मनात धरलेलंच होतं.

पण वाट लगेच गेली नाही. उलट १९४७-४८ मध्ये ती जेवढी गच्च भरून वाहिली तेवढी कधीच वाहिली नसेल. सिंधमधले हिंदू दोन वाटांनी निघाले, कराचीहून बोटीने मुंबई-ओखा-पोरबंदरला, नाहीतर मीरपूर खासहून ह्या मीटरगेजने मुनाबाव, बाडमेर, पाली, मारवाड जंक्शन. आणि ह्याच लाइनवर उलट्या दिशेला भारतातून सिंधकडे निघालेले मुसलमान, जे पुढे मुहाजिर म्हणवले, त्यांचा ओघ तर पन्नासच्या दशकातही चालू होता, कित्येक जण मुनाबावला उतरून वाळूतून चालत पलीकडच्या खोखरापारला पोचायचे.

मी कल्याणची. आमच्याकडे हा इतिहास पुस्तकात नव्हता, शेजारच्या स्टेशनात होता. कल्याणच्या बाहेर लष्कराचे कॅम्प रिकामे पडले होते, त्यात सिंधमधून आलेली माणसं आणून ठेवली आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आजी, तिला आम्ही सगळ्या अम्माच म्हणायचो, ती ह्या गाडीने आलेली. लहान होती तेव्हा. तिला राजकारण वगैरे काही आठवायचं नाही. आठवायचं ते एवढंच की डबा आतून बंद केलेला, उकाडा, धाकट्या भावाला सारखी तहान लागायची आणि मोठी माणसं त्याला गप्प बसवायची, आणि मग कुठल्यातरी स्टेशनवर पागोटेवाल्या माणसांनी खिडकीतून लोट्याने ओंजळीत पाणी ओतलं. कुठलं स्टेशन ते तिला सांगता यायचं नाही. बाडमेर असेल, गडरा असेल. आम्ही तिला नकाशा दाखवायचो तर ती म्हणायची ठेव तो, मला अक्षर दिसत नाही. अक्षर दिसायचं तिला, शीवणाची सुई ओवायची की. मुनाबावच्या गाडीत बसायची इच्छा माझ्या मनात तिथून आली असावी.

बाडमेरहून मुनाबावची पॅसेंजर घेतली तर शंभराच्या वर किलोमीटर जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. जसाई, भाचभर, रामसर, गागरिया, लीलमा, गडरा रोड, जैसिंधर, मुनाबाव. सिंगल लाइन, गाड्या मोजक्याच, त्यामुळे क्रॉसिंगसाठी खोळंबा असा फारसा नाही. आता सगळं ब्रॉडगेज आहे. डब्यात शाळामास्तर, सीमा सुरक्षा दलाचे जवान, बाजार करून परतलेल्या बायका, आणि ओळखपत्र विचारणारं कुणी ना कुणी. बाहेरच्या माणसाने उगाच फोन खिडकीबाहेर काढून फोटो काढू नये, सीमेचा भाग आहे. मला एक जवान पुण्याजवळचा भेटला, त्याला मराठी बोलायला मिळालं म्हणून तो लीलमापर्यंत बोलतच राहिला, सगळं बोलणं मिसळ आणि ट्रान्सफर ह्या दोन विषयांवर.

गडरा रोडला गाव शोधायला गेलात तर मूळ गाव सापडत नाही. मूळ गडरा शहर १९४७ मध्ये पलीकडे गेलं आणि त्याचं स्टेशन अलीकडे राहिलं. जगात अनेक ठिकाणी स्टेशन गावापासून लांब असतं, आपल्याकडेही आहेच, रोड म्हटलं की रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवायचे. पण इथे मधे देश आला. स्टेशनच्या आजूबाजूला मग नवीन गाव वसलं, बरेचसे तिकडूनच आलेले लोक. १९६५ च्या युद्धात तर आणखी विचित्र झालं. आपल्या सैन्याने गडरा शहर घेतलं आणि पाकिस्तानी सैन्याने मुनाबाव स्टेशन घेतलं, म्हणजे गाव आपल्याकडे आणि रेल्वेचं टोक त्यांच्याकडे. ताश्कंद करारानंतर दोघांनी आपापलं परत घेतलं.

त्या युद्धात सैन्याला दारूगोळा, पाणी, शिधा पोचवायला ही मीटरगेज हाच आधार होता आणि म्हणून विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले. ड्रायव्हर, फायरमन, गँगमन अशी कामावरची १७ रेल्वेची माणसं मारली गेली. गडरा रोडला त्यांचं स्मारक आहे आणि दर ९ सप्टेंबरला रेल्वे कर्मचारी तिथे जमतात, जोधपूर-बाडमेरहून येतात, गावही येतं. बॉम्ब पडतोय आणि तुटलेला रूळ जोडायला हातात पाना आणि पहार घेतलेली माणसं पुढे जातायत, हे आपल्या युद्धाच्या गोष्टींत फारसं येत नाही. तिकडे मात्र हेच सांगतात.

१९६५ ला सिंध मेल बंद झाली. १९७१ मध्ये आपलं सैन्य ह्याच रुळांच्या कडेकडेने खोखरापार घेऊन नया छोरच्या दिशेने खोल गेलं, पण सिमला करारानंतर ते सगळं परत दिलं. त्यानंतर ह्या लाइनवर तीस वर्षं टोकाचं स्टेशन होतं आणि पुढे काही नव्हतं. पलीकडे मीरपूर खासला मात्र जोधपूरवाल्यांनी टाकलेलं मीटरगेज २००५ च्या आसपासपर्यंत टिकून होतं, जुनी वाफेची इंजिनं बघायला जगभरचे रेल्वेवेडे तिकडे जायचे. मग त्यांनी खोखरापारपर्यंत ब्रॉडगेज केलं, आपणही केलं होतं, आणि १८ फेब्रुवारी २००६ ला थार एक्स्प्रेस सुरू झाली. एक्केचाळीस वर्षांनी.

थार एक्स्प्रेसचा कारभार ऐकला की हसू येतं आणि मग येत नाही. आठवड्याला एक गाडी. जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनवरून शुक्रवारी मध्यरात्रीनंतर सुटायची, मधे कुठेही प्रवासी घ्यायचे-उतरवायचे नाहीत, बाडमेरच्या माणसालासुद्धा बसायला आधी जोधपूरला यायला लागायचं. सकाळी मुनाबाव. तिथे सगळं सामान घेऊन उतरायचं, कस्टम, इमिग्रेशन, मग दुसऱ्या गाडीत बसून थोडेसेच किलोमीटर पलीकडे झीरो पॉइंट स्टेशन, तिथे परत उतरायचं, परत सगळं, मग कराचीची गाडी. मधल्या टप्प्याचे डबे दोन्ही देशांचे आळीपाळीने. सुरू होऊन सहा महिने होत नाहीत तोच कवासचा पूर आला आणि काही महिने बंद. आणि एवढं असूनही गाडी भरलेली असायची.

कारण सोढे. सिंधमधल्या उमरकोटच्या बाजूला सोढा राजपूत आहेत, फाळणीनंतर तिथेच राहिलेले. सोढ्यांना सोढ्यांत लग्न करता येत नाही, एकच कुळ, त्यामुळे मुली द्यायच्या आणि सुना आणायच्या त्या बाडमेर, जैसलमेर, जोधपूरकडच्या राठोड, भाटी घराण्यांत. आधीही असंच होतं, फक्त तेव्हा वरात सिंध मेलने किंवा उंटावरून जायची. थार एक्स्प्रेस म्हणजे त्यांच्यासाठी लग्नाची गाडी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ३७० कलमाचा निर्णय झाला, संबंध ताणले आणि गाडी बंद पडली ती आजतागायत. लग्न झालेल्या काही मुली तिकडेच अडकल्या, नवरे इकडे.

मुनाबावला स्टेशनची इमारत मोठी आहे, इतक्या माणसांचं सामान तपासायचं म्हणून बांधलेली. पॅसेंजर तिथे थोडा वेळ थांबते आणि परत फिरते. रूळ मात्र साफ असतात, शेवटच्या टोकापर्यंत. वाळू आली की उपसली जाते, कारण कामाच्या यादीत तेवढा भाग अजून आहेच.

परतीच्या गाडीत एक बाई भेटल्या, चाळिशीच्या, त्यांचं माहेर उमरकोटजवळ. मुनाबावहून त्यांचं माहेर दीड-दोन तासांवर, रस्ता असता तर. २०१९ नंतर जायचं झालं तर आधी हजारभर किलोमीटर वर अमृतसर, अटारीची सीमा चालत ओलांडायची, लाहोर, आणि तिथून परत हजारेक किलोमीटर खाली. त्यांनी ते एकदा केलं, वडील आजारी होते म्हणून, पोचल्या तोवर बारावा होऊन गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये अटारीही बंद झाली आणि त्याच आठवड्यात बाडमेरकडची एक वरात तिथल्या दारावरून परत फिरली, पेपरात आलं होतं. लग्न ठरून काही वर्षं झाली होती म्हणे, व्हिसासाठी थांबले होते.